मेलेल्या माणसाचे मोल

मोटारसायकलच्या अपघातात माणूस मेला तर त्याच्या घरच्यांनी नुकसानभरपाई मागावी की नाही आणि मागितली तर किती, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा आहे. मी वकील नाही. खटाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक म्हणून माझी हयात गेली. पण आमच्या वस्त्यांत शिक्षकाला शाळेपुरते राहता येत नाही. अर्ज तोच लिहितो, कचेरीत तोच बरोबर जातो, साक्षीला तोच उभा राहतो. त्यामुळे चाळीस वर्षांत ‘क्लेम’ या शब्दाशी माझी जी ओळख झाली ती पुस्तकातली नाही. या ओळखीतून एक जुना प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत गेला. आपल्या समाजात माणसाच्या जिवाची किंमत कोण ठरवतो, आणि कोणत्या मापाने?

हे माप आपल्याकडे नवे नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचा रीतसर तक्ताच आहे. ब्रह्महत्येला जे प्रायश्चित्त, त्याचा चौथा हिस्सा क्षत्रियाच्या वधाला, आठवा वैश्याच्या आणि सोळावा शूद्राच्या, तोही शूद्र सदाचारी असला तर. गायींच्या दानाचा हिशेबही हजार, शंभर आणि दहा असा उतरत जातो. मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा यांना मारले तर शूद्रहत्येचे प्रायश्चित्त घ्यावे असेही तिथेच सांगितले आहे. वर्णाबाहेरचा माणूस तर या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नाही. हे आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. त्यातली दुसरी एक गोष्ट मात्र क्वचितच बोलली जाते. या गायी जायच्या कुणाकडे? मेलेल्याच्या विधवेकडे नव्हे, पोरांकडेही नव्हे, त्या ब्राह्मणाकडे जायच्या. माणूस मेला याचा अर्थ मारणाऱ्याला पाप लागले एवढाच. ज्याच्या चुलीवरचे भांडे उतरले त्याच्याशी धर्मशास्त्राला कर्तव्य नव्हते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्यात हाही हिशेब होता.

इंग्रजांचा कायदा या बाबतीत फार पुढे होता असे समजण्याचे कारण नाही. तिथे जुना नियम असा, की माणूस मेला की त्याच्याबरोबर त्याचा दावाही मरतो. एखाद्याचा पाय मोडला तर पैसे द्यावे लागत, तो जागच्या जागी मेला तर काहीच द्यावे लागत नसे. म्हणजे मारून टाकणे स्वस्त आणि जखमी करणे महाग! ज्या वस्तूने माणूस मेला, मग ती गाडी असो की बैल, ती राजाकडे जमा व्हावी असाही एक रिवाज होता. राजाच्या जागी ब्राह्मण घातला की आपल्याकडची व्यवस्था तयार होते. रेल्वे आली, माणसे घाऊक मरू लागली, तेव्हा १८४६ साली तिथल्या पार्लमेंटने दोन कायदे केले. एकाने तो रिवाज मोडला आणि दुसऱ्याने मृताच्या बायकापोरांना दावा करण्याचा हक्क दिला. हिंदुस्थानात पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि दोनच वर्षांनी, १८५५ साली, तसाच ‘प्राणघातक अपघात कायदा’ इथे झाला. पत्नी, पती, आईबाप आणि मुले यांच्यासाठी दावा आणता येईल असे त्यात म्हटले होते. भाऊ त्यात नव्हता, भावजय नव्हती. शिवाय दावा दिवाणी कोर्टात, रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरून. ज्याच्या घरात रात्रीची भाकरी नाही त्याने आधी स्टँप घ्यायचा आणि मग न्याय मागायचा. शंभर वर्षे हा हक्क आमच्या माणसाला कपाटात बंद असलेल्या पोथीसारखा होता.

१९३९ चा मोटार वाहन कायदा आला, तिसऱ्या माणसासाठी विमा सक्तीचा करणारे त्यातले प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले आणि १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची सोय झाली. यानंतर मात्र चित्र बदलण्याची शक्यता निर्माण झाली. शक्यता म्हणतो, कारण फीचा प्रश्न पुढेही अनेक ठिकाणी राहिला. हरियाणात सरकारी बसखाली मेलेल्या एका माणसाच्या विधवेने आणि मुलीने दावा केला, तेव्हा फी भरण्याची ऐपत नाही म्हणून त्यांना निर्धन दावेदार समजावे की नाही यावर खुद्द राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेले. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला खडे बोल सुनावून ते भांडण संपवले. ज्या सरकारची बस, त्याच सरकारने गरिबाला कोर्टाच्या पायरीवर अडवावे, यात मला नवल वाटत नाही. आडवे उभे राहण्याची सवय जुनी आहे.

इथे बाबासाहेबांचे दोन प्रवास आठवतात. पहिला आमच्याच तालुक्यातला. त्यांचे वडील दुष्काळी कामावर, तलावाच्या बांधकामात, गोरेगावला खजिनदार होते. १९०१ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर निघालेला तो मुलगा मसूर स्टेशनवर उतरला आणि जात कळताच एकही गाडीवान गाडी जोडेना. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि वर अट अशी, की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. दुसरा प्रवास १९२९ चा, चाळीसगावचा. टांगेवाला महाराला बसवून नेईना, तेव्हा टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसवला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेला. आता या अपघाताचा पंचनामा करायचा झाला तर दोषी कोण? लगाम ज्याच्या हातात होता तो बिचारा? की स्टेशनवर हाताची घडी घालून उभा राहिलेला तो सराईत टांगेवाला? कायद्याच्या भाषेत निष्काळजीपणा हा लगाम धरणाऱ्याचाच असतो. जातीचा निष्काळजीपणा कोणत्याच कलमात बसत नाही.

आता वडूजच्या बाजूचे, माझ्या डोळ्यांसमोरचे सांगतो. नावे मुद्दाम देत नाही.

१९८६ च्या गळीत हंगामात आमच्या वस्तीतला एक तरुण सालगडी मालकाच्या मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून वडूजला गेला होता. विहिरीवरच्या इंजिनाचा काही सुटा भाग आणायचा होता. तो मांडीवर धरून बसायला मागे माणूस लागतो. परत येताना अंधार पडला. रस्त्यात उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, दगडांची खूण नाही. जो सातारा-सांगलीकडचा आहे त्याला पुढचे सांगायला नको. पुढे बसलेल्या मुलाचा हात मोडला. मागचा माणूस रुग्णालयात पोचलाच नाही.

पहिल्या दिवशी मालकाच्या मुलाने फिर्याद दिली ती सरळ होती. ट्रॉली बिनदिव्याची उभी होती, दिसली नाही. पण ट्रॉलीवाला निघाला त्यांच्याच भावकीतला. महिन्याभरात गावातली चार प्रतिष्ठित माणसे वस्तीत आली. पाच हजार घ्या आणि मिटवा, म्हणाली. मिटवले नाही तेव्हा जबाबाचा सूर बदलला. गडी मागे नीट बसला नव्हता, हातातल्या वजनाने तो हलला म्हणून गाडी झुकली, असे ऐकू येऊ लागले. मेलेल्याच्या अंगावर दोष टाकण्याइतके सोपे काही नसते.

त्याची बायको तेव्हा बावीस वर्षांची होती. पदरात दोन पोरे. साताऱ्याला वकिलाकडे जायला आम्ही वडूजच्या स्टँडवर उभे होतो. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “गुरुजी, ह्ये पैसं घ्यायचं म्हंजी माणूस इकल्यागत न्हाई का हुयाचं?”

मी म्हणालो, “वहिनी, विकायचं म्हणजे आधी आपल्या हातात असावं लागतं. तो राबत होता तेव्हा त्याचा भाव कोण ठरवत होतं?”

तिने उत्तर दिले नाही. माझेही बोलणे मला तेव्हा फार शहाणपणाचे वाटले होते, आता तितकेसे वाटत नाही. कारण तिचा प्रश्न खरा होता. पुढे कोर्टात जे चालले ते भाव ठरवणेच होते.

तेव्हाचा कायदा असा, की सहा महिन्यांत अर्ज करायचा. सुदैवाने १ ऑक्टोबर १९८२ पासून एक नवे कलम आले होते. चूक कुणाची हे सिद्ध होण्याची वाट न पाहता मृत्यूबद्दल १५ हजार रुपये आधी द्यायचे. हे कलम आले त्याला कारण होते. १९७७ साली मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही. रस्त्यावर मेलेल्या माणसाला साक्षीदार कोण असतो? बहुधा मारणाराच. म्हणून संसदेला ही वाट काढावी लागली. या पंधरा हजारांचे मला आजही महत्त्व वाटते, ते रकमेमुळे नव्हे. मालक मेला असता तरी पंधरा हजार, गडी मेला तरी पंधरा हजार. आमच्या हजारो वर्षांच्या इतिहासात माणूस मेल्यावर दोघांचा आकडा सारखा निघाला असेल तर तो इथे.

पुढच्या दाव्यात मात्र तो सारखेपणा संपला. उत्पन्न किती? मालकाला दाखला मागितला. तो देईना. साल ठरवून जे धान्य आणि पैसे देत होता ते कागदावर आले असते तर १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली तोच अडकला असता. म्हणून त्याने सांगितले, तो आमचा गडीच नव्हता, सहज गाडीवर बसून आला होता. एका वाक्यात माणसाची आठ वर्षांची मेहनत पुसली गेली. आणि ‘सहज बसून आला’ यात दुसरी मेख होती. मोटारसायकलच्या नुसत्या सक्तीच्या विम्यात मागे बसलेला फुकट प्रवासी येत नाही. (सर्वोच्च न्यायालयाने हे २००६ साली पुन्हा स्पष्ट केले आहे.) म्हणजे चूक मोटारसायकलची ठरली तर विमा हात वर करणार आणि गडी म्हणायला मालक तयार नाही. सारा दावा ट्रॉलीच्या न लागलेल्या लाल दिव्यावर उभा राहिला. पंचनाम्यात पोलीस हवालदाराने तो दिवा नसल्याचे एका ओळीत लिहिले होते. त्या एका ओळीने दावा वाचला. तेव्हापासून मी पोरांना सांगत आलो, निबंध नंतर लिहा, आधी पंचनामा वाचायला शिका.

उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलाने तिला विचारले, “तुमच्यात पाट लावतात ना? तुम्ही दुसरं लग्न करणार ना?” प्रश्न कायद्याच्या दृष्टीने निरर्थक नव्हता. बाई पुन्हा लग्न करील तर तिचे अवलंबित्व संपेल, रक्कम कमी करा, असा युक्तिवाद असायचा. त्याचे मूळही जुने आहे. प्राणघातक अपघात कायद्याच्या पुढच्याच वर्षी, १८५६ साली, विधवाविवाहाचा कायदा झाला. उच्चवर्णीय सुधारकांच्या इतिहासात त्याचा गौरव आहे आणि तो योग्यच आहे. पण त्याच कायद्यात पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जातो असेही कलम होते. ज्या जातींत पाट, म्होतूर पूर्वापार चालत आले होते त्यांनाही हे कलम लागू आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरले. अलाहाबादचे मत उलट होते. म्हणजे ब्राह्मण विधवेला जो दरवाजा नव्याने उघडला त्याच दरवाजाने आमच्या बाईचा हक्क बाहेर काढला. तो कायदा १९८३ साली रद्द झाला. वकिलाच्या प्रश्नातून तो तीन वर्षांनंतरही बोलत होता.

तिने खाली मान घालून उत्तर दिले, “मला ठावं न्हाई.” इतका प्रामाणिक जबाब मी कोर्टात दुसरा ऐकला नाही. दोनेक वर्षांनी तिने लग्न केले आणि सासऱ्याने पैशावर हक्क सांगितला, तेव्हा घरातलेच भांडण माझ्या दारात आले. दोन्ही बाजू गरीब, दोन्ही बाजू खऱ्या. सासऱ्याचा मुलगा गेला होता, तिचा नवरा. वस्तीतल्या बायकासुद्धा तिच्याविरुद्ध बोलल्या हे लिहिले नाही तर हा लेख खोटा ठरेल. आपल्यात बाईला मोकळीक आहे असे आपण सभांतून सांगतो. मोकळीक होती ती कामाची आणि लग्नाची. पैसा आला की आपणही मनूच्याच दारात जाऊन बसतो. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने मोटारसायकलवर मागे बसलेल्या अशाच एका तरुणाच्या प्रकरणात निकाल दिला. त्याची पत्नी अपघाताच्या वेळी एकोणीस वर्षांची होती, नंतर तिने लग्न केले. भरपाईसाठी बाईने जन्मभर विधवा राहावे अशी अपेक्षा करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. ते वाचले तेव्हा मला ती वाकलेली मान आठवली.

आता हिशेबाची रीत पाहू, कारण मुख्य गोष्ट तिथे आहे. १९८८ चा कायदा आला. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने गुणक पद्धत पक्की केली आणि २००९ व २०१७ च्या निकालांनी ती घोटून गुळगुळीत झाली. समजा एकाच रस्त्यावर एकाच संध्याकाळी अठ्ठावीस वर्षांचे दोन तरुण मेले. दोघांच्या मागे चार-चार माणसे. एक शेतमजूर, उत्पन्न महिना ६ हजार धरले. दुसरा कायम नोकरीतला कारकून, पगार २४ हजार. मजुराचे वर्षाचे ७२ हजार, त्यात भविष्यातील वाढीचे ४० टक्के घालून १,००,८००, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाऊन ७५,६००, त्याला वयाचा गुणक १७. झाले १२,८५,२००. कारकुनाचे वर्षाचे २,८८,०००. पण नोकरी कायम म्हणून वाढ ५० टक्के. आयकर बाजूला ठेवला तर त्याच रीतीने आकडा येतो ५५,०८,०००. पगारात फरक चौपट, जिवाच्या किमतीत सव्वाचार पटीहून जास्त. ज्याला नोकरीने आधीच सुरक्षित केले त्याला मरणानंतरही दहा टक्के बक्षीस. क्रियाकर्माचे, वारसा-मालमत्तेचे आणि सहवास गमावल्याचे म्हणून जे ठरावीक हजार मिळतात तेवढेच दोघांना सारखे.

कुणी म्हणेल, कारकुनाच्या घरचे नुकसानही जास्त झाले, मग रक्कम जास्त नको? हे मला मान्य आहे. न्यायाधीशाने गणित चुकीचे केले असे मी म्हणत नाही. पण सहा हजार आणि चोवीस हजार हे आकडे आकाशातून पडले काय? कोण शेतात राबेल आणि कोण टेबलामागे बसेल हे ज्या व्यवस्थेने शतकानुशतके ठरवले, तिचाच निकाल गुणकाने गुणून न्यायालय परत देते. मनूने सोळावा हिस्सा उघड लिहिला होता. इथे तो पगारपत्रकातून येतो आणि पगारपत्रक नसेल तर अंदाजातून. १९९४ च्या तक्त्यात ज्याला उत्पन्न नाही त्याचे वर्षाचे उत्पन्न १५ हजार धरावे असे होते. महागाई कुठल्या कुठे गेली, तो आकडा २०१८ पर्यंत तिथेच बसून होता. राबणाऱ्या घरच्या बाईची किंमत तर त्या तक्त्यात नवऱ्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा. दिवसभर खुरपे आणि रात्री चूल सांभाळणारी आमची आई ‘गृहिणी’ तरी होती का, हे विचारायचे कुणी? २०२१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने घरकामालाही आर्थिक मूल्य असते हे विस्ताराने मांडले, ते उशिरा का होईना चांगले झाले.

मोटारसायकल आता वस्तीतही आली आहे, हप्त्यावर. पूर्वी राजदूत आणि बुलेट दारात असणे म्हणजे वाडा असणे. आज गाडी नसेल तर एम.आय.डी.सी.तले काम नाही, घरपोच मालाची नोकरी नाही. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. सरकारी अहवालात वाहनाचे, वयाचे, हेल्मेटचे कोष्टक असते. जातीचे नसते. पूर्वी आमचा माणूस मागे बसून मरायचा, आता पुढे बसून मरतो. पुढे बसलेल्याचा कायदा आणखी कडक. मित्राची गाडी मागून नेली आणि स्वतःच घसरून मेला तर तो मालकाच्या जागी आला असे धरतात, आणि तिसऱ्या माणसाची भरपाई त्याच्या घरच्यांना मिळत नाही. २००९ आणि २०२० चे निकाल तसे आहेत. गाडीमालक-चालकाचा अपघात विमा २०१८ पासून १५ लाखांचा झाला, पण तो घेतलेला असेल तर. तिघे बसले होते म्हणून दावा आपोआप कापता येत नाही, असेही २०२० साली ठरले आहे. ही एक सुटकेची गोष्ट, कारण आमच्याकडे तीन माणसांत एकच गाडी असते.

२०१९ च्या दुरुस्तीत चूक न पाहता मृत्यूला ५ लाख हा आकडा आला. पुन्हा सर्वांना सारखा. पण ते घेतले की मोठा दावा सोडायचा. त्याच दुरुस्तीने १९९४ साली काढून टाकलेली सहा महिन्यांची मुदत परत आणली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. कायदा असाही आहे, की पोलिसांनी अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आणि तोच अर्ज म्हणून धरता येतो. वस्तीत हे कुणाला माहीत नसते. दहाव्या दिवशी येणारा दलाल वकील मात्र सगळ्यांना माहीत असतो.

वडूजला ९ सप्टेंबर १९४२ रोजी कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले. त्यांची नावे तालुक्यातले शाळकरी पोर सांगते आणि ते रास्त आहे. रस्त्यावर पडलेल्यांची नावे फक्त पंचनाम्यात असतात.

त्या वहिनीच्या दाव्याचा निकाल लागला, पैशाचा मोठा भाग बँकेत मुदतीने अडकवला गेला. निरक्षर दावेदारांचे पैसे नातेवाईक आणि सावकार खातात म्हणून न्यायालये असे करतात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेच हे यांत्रिकपणे करू नका असे सांगितले, तेही बरोबर. व्याजावर तिची दोन्ही पोरे शिकली, हेही खरे. बऱ्याच वर्षांनी तिला मी स्टँडवरच्या त्या प्रश्नाची आठवण दिली. ती हसली आणि म्हणाली, “इकलं का न्हाई ते अजून कळलं न्हाई गुरुजी. पर त्यो गडीच न्हवता म्हनत हुते, ते कागदावर खोटं पडलं.” न्यायाधीशाने निकालपत्रात तिच्या नवऱ्याचा व्यवसाय ‘शेतमजूर’ असा लिहिला होता. त्या पानाची प्रत तिने जपून ठेवली आहे.

परवा शेजारच्या गावातला एक मुलगा आला. भाऊ पुसेगाव रस्त्यावर गेला, समोरचा टेंपो होता. आईबाप ऊसतोडीला, घरात दुसरे कुणी नाही. भावाला दावा करता येतो का, त्याने विचारले. येतो, म्हणालो. १९८७ साली गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भावालाही वारस म्हणून दावा करता येतो हे मान्य केले आहे. पण आईबाप आहेत, त्यांना आधी अर्जात घे. अपघात कधीचा, विचारले. त्याने बोटांवर मोजले. पाच महिने होऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पहिल्या गाडीने फिर्यादीची आणि पंचनाम्याची नक्कल आणायला निघालो.